विद्यानगर ते शिरोली : कोल्हापुरातली मटेरियल्सची पीएच.डी.

कोल्हापुरात मटेरियल्सचं काम दोन ठिकाणी चालतं. एक विद्यानगरात, शिवाजी विद्यापीठाच्या प्रयोगशाळांमध्ये. तिथे काचेच्या पट्टीवर केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाइतका पातळ थर बसवतात आणि त्यातून सौरघट, सुपरकपॅसिटर, गॅस सेन्सर तयार होतो का ते पाहतात. दुसरं ठिकाण म्हणजे शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगलेची पंचतारांकित औद्योगिक वसाहत. तिथल्या सुमारे ३०० फाउंड्रींत लोखंड वितळतं आणि ट्रॅक्टर, ट्रक, पंप, व्हॉल्व्ह यांचे सुटे भाग होऊन बाहेर पडतं. या दोन जगांत गाडीनं अर्ध्या तासाचंही अंतर नाही. दोन्हीकडे प्रश्नही मुळात एकच आहे : पदार्थाची आतली रचना आपल्याला हवी तशी घडवायची कशी आणि पुढच्या खेपेलाही ती तशीच घडेल याची हमी द्यायची कशी?

मटेरियल्समध्ये एम.टेक. किंवा पीएच.डी. करायला निघालेल्या मुलामुलींच्या आणि त्यांच्या आईवडिलांच्या डोक्यात मात्र दुसरेच प्रश्न असतात. प्रवेश कसा मिळतो, गाईड कोण मिळेल, फेलोशिप किती, पुढे नोकरी कुठे? हे प्रश्न रास्तच आहेत आणि या लेखात त्यांची उत्तरं येतील. पण आयुष्याची पाच-सहा वर्षं आपण नेमकी कोणत्या कोड्याच्या मागे घालवणार आहोत, हा प्रश्न सगळ्यांत आधी विचारायला हवा आणि तोच बहुधा शेवटी विचारला जातो. कोल्हापूरच्या विद्यार्थ्याला तर अशी कोडी शोधायला लांब जायची गरज नाही.

बीकरमधली प्रयोगशाळा

शिवाजी विद्यापीठ सुरू झालं १८ नोव्हेंबर १९६२ रोजी. प्रादेशिक विद्यापीठाला मिळतो तेवढाच पैसा त्याला मिळाला. आयआयटीसारखं केंद्राचं भक्कम पाठबळ कधी नव्हतं. पातळ थर बसवण्याच्या प्रचलित पद्धतींना निर्वात पंप लागतात, महागडी यंत्रं लागतात, ती दुरुस्त करणारा माणूस लागतो. हे सगळं परवडत नाही म्हणून हात बांधून बसण्याऐवजी भौतिकशास्त्र विभागानं रासायनिक पद्धतींची वाट धरली. एस. एच. पवार, सी. डी. लोखंडे, सी. एच. भोसले, पी. एस. पाटील, के. वाय. राजपुरे अशा प्राध्यापकांनी ती वाट रुंद केली. बाबूराव पेंटरांनी ज्या गावात सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला, त्या गावाच्या स्वभावाला हे धरूनच झालं.

यातली एक पद्धत जवळून बघण्यासारखी आहे. तिला सिलार म्हणतात. फ्रान्समधल्या निकोलाऊ यांनी १९८५ मध्ये ती मांडली. टेबलावर चार बीकर ठेवायचे. पहिल्यात धातूच्या आयनांचं द्रावण, समजा कॅडमियमचं. दुसऱ्यात शुद्ध पाणी. तिसऱ्यात सल्फाइडच्या आयनांचं द्रावण. चौथ्यात पुन्हा शुद्ध पाणी. स्वच्छ धुतलेली काच पहिल्यात बुडवली की धातूचे आयन तिच्या पृष्ठभागाला चिकटतात. दुसऱ्यात सैल राहिलेले आयन धुऊन निघतात. तिसऱ्यात चिकटलेल्या आयनांशी सल्फाइडची प्रक्रिया होऊन कॅडमियम सल्फाइड तयार होतं आणि चौथ्यात उरलंसुरलं धुऊन जातं. ही झाली एक फेरी. एका फेरीत थराची जाडी वाढते ती फार तर एक-दोन नॅनोमीटर. अशा पन्नास, शंभर फेऱ्या झाल्या की काचेवर पिवळा थर दिसू लागतो. एका फेरीला मिनिट धरलं तरी शंभर फेऱ्यांना जवळजवळ पावणेदोन तास लागतात. एवढा वेळ हात न थरथरता, सेकंद मोजत काच बुडवायची आणि काढायची. किती फेऱ्या, किती वेळ, द्रावणाची आम्लता किती, तापमान किती, यांतलं काहीही बदललं की थर बदलतो. संशोधन म्हणजे या बदलांचा हिशेब.

दुसरी पद्धत स्प्रे पायरोलिसिसची. धातूच्या क्षाराचं द्रावण ३०० ते ५०० अंश सेल्सिअसला तापवलेल्या काचेवर बारीक तुषारांनी फवारायचं. काचेवर पडता पडता द्रावक उडून जातो, क्षार फुटतो आणि ऑक्साइडचा थर बसतो. विजेचा दाब दिला की निळी होणारी आणि दाब उलटा केला की पुन्हा पारदर्शक होणारी टंग्स्टन ऑक्साइडची काच अशा पद्धतीनं बनवता येते. या पद्धतीच्या शक्यतांचा आढावा घेणारा पी. एस. पाटील यांचा लेख १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला. राजाराम माने आणि लोखंडे यांचा रासायनिक निक्षेपणावरचा लेख २००० मध्ये आला, तर हबीब पठाण आणि लोखंडे यांचा सिलारवरचा लेख २००४ मध्ये. या विषयात नव्यानं उतरणाऱ्याला आजही हे लेख वाचावे लागतात. माने पुढे नांदेडच्या विद्यापीठात गेले, पठाण पुण्याच्या. लोखंडे यांनी नंतर कोल्हापुरातच डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठात आंतरविद्याशाखीय संशोधन केंद्र उभं केलं. कमी पैशांत सुरू झालेलं काम गुरुशिष्यांच्या साखळीतून असं राज्यभर पसरलं. त्याला कोल्हापूरची शाळा म्हणायला हरकत नाही.

या शाळेच्या मर्यादाही सांगायला हव्यात. थर बसतो तो बहुतेकदा एक-दोन चौरस सेंटिमीटरच्या तुकड्यावर. तोच थर हातभर लांबीच्या काचेवर सारखा बसेल का, हजार वेळा वापरल्यावर टिकेल का, उन्हापावसात काय होईल, या प्रश्नांपर्यंत प्रबंध क्वचित पोचतो. त्यातच पद्धत तीच ठेवून कोबाल्टच्या जागी निकेल आणि निकेलच्या जागी दोन्ही, असं करत पेपरांची संख्या वाढवण्याचा मोह या क्षेत्रात जगभर आहे आणि आपण त्याला अपवाद नाही. अशा कामातून पदवी मिळते, पण विद्यार्थ्याची समज तितकी वाढत नाही.

भट्टीपुढचे प्रश्न

आता शिरोलीकडे वळू. ऊस, गुऱ्हाळं आणि विहिरींवरची ऑइल इंजिनं यांच्या आधारानं कोल्हापूरचं उद्यमनगर वाढलं. तिथल्या मिस्त्री मंडळींनी हाताच्या अंदाजानं केलेल्या ओतकामातून आजचा फाउंड्री उद्योग उभा राहिला. आज तिथे इंडक्शन भट्ट्या आहेत, धातूतले घटक काही सेकंदांत सांगणारे स्पेक्ट्रोमीटर आहेत. तरीही दर महिन्याच्या बैठकीत एक शब्द हमखास येतो : रिजेक्शन. कास्टिंगमध्ये ब्लोहोल निघालं, श्रिंकेज निघालं, वाळू अडकली, की माल परत भट्टीत. त्यासाठी खर्च झालेली वीज, मजुरी आणि वेळ मात्र परत येत नाही.

एसजी आयर्नचं उदाहरण घेऊ. साध्या बिडात ग्रॅफाइट पापुद्र्यांसारखं पसरलेलं असतं. त्या पापुद्र्यांच्या टोकांपासून तडा सुरू होतो, म्हणून बीड ठिसूळ. ग्रॅफाइटच्या गोल गाठी झाल्या तर तेच लोखंड ताण सोसू लागतं; हेच एसजी आयर्न. १९४० च्या दशकात अमेरिकेत लागलेल्या या शोधावर आजच्या वाहनांचे कित्येक भाग उभे आहेत. गाठी होण्यासाठी वितळलेल्या लोखंडात मॅग्नेशियम घालावं लागतं. अडचण अशी की मॅग्नेशियम उकळतं १०९० अंशांना आणि लोखंड असतं १४५० ते १५०० अंशांवर. म्हणून फेरोसिलिकॉनमध्ये मिसळलेलं मॅग्नेशियम लॅडलच्या तळाशी ठेवून वर स्टीलचा चुरा पसरतात आणि मग लोखंड ओततात. डोळे दिपवणारा पांढरा प्रकाश आणि धुराचा लोट उठतो. त्या क्षणापासून घड्याळ सुरू होतं, कारण मॅग्नेशियम सतत उडून जात असतं. मोजकी मिनिटं हातात असतात. तेवढ्यात सगळे साचे भरून व्हायला हवेत. शेवटच्या साच्यात मॅग्नेशियम ०.०३ टक्क्यांच्या खाली गेलं तर गाठी बिघडतात. बाहेरून पाहिलं तर पहिलं आणि शेवटचं कास्टिंग सारखंच दिसतं. फरक कळतो तो नमुना घासून, चकचकीत करून सूक्ष्मदर्शकाखाली धरल्यावर. पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळे गोल ठिपके दिसले की सुटलो, वेडेवाकडे दिसले की सगळी बॅच अडकली.

इथे पीएच.डी.चे किती विषय दडले आहेत बघा. लोखंड थंड होतानाचा तापमानाचा आलेख पाहून गाठी किती होतील हे साचा भरण्याआधी सांगता येईल का? भंगारातून येणारे शिसे, टायटॅनियमसारखे नकोसे घटक गाठींवर नेमका काय परिणाम करतात? एक टन लोखंड वितळवायला व्यवहारात साधारण ५५० ते ६५० युनिट वीज लागते. प्रत्यक्ष धातूत जाणारी उष्णता मोजली तर ४०० युनिटांच्या आतच काम व्हायला हवं. मधली गळती भट्टीच्या अस्तरातून, झाकणातून आणि थांबण्याच्या वेळेतून किती किती होते? महाराष्ट्रातली वीज महाग पडते म्हणून कर्नाटकात जाण्याची भाषा इथल्या उद्योजकांनी अनेकदा केली आहे. त्या वादात हा हिशेब मोलाचा ठरेल. साच्यांतून वापरून झालेल्या वाळूचा प्रश्न तर उघड्यावर पडलेला दिसतो. ती पुन्हा वापरता येते का, विटा आणि काँक्रीटमध्ये घालता येते का, तिच्यावरचं जळकं बेंटोनाइट आणि रेझिन किती खर्चात निघतं?

आणि सगळ्यांत मोठा प्रश्न पुढेच उभा आहे. इथल्या अनेक फाउंड्री इंजिनाचे भाग ओततात. विजेवर चालणाऱ्या गाडीला सिलिंडर ब्लॉक लागत नाही, हेड लागत नाही. तिला लागतात हलके, पातळ भिंतीचे, बहुधा अॅल्युमिनियमचे भाग आणि मोटरची घरं. लोखंडातच राहायचं तर ऑस्टेम्पर्ड डक्टाइल आयर्नसारखं जास्त ताकदीचं, म्हणून कमी वजनात भागणारं लोखंड करावं लागेल. त्यासाठी २५० ते ४०० अंशांच्या दरम्यान उष्मोपचाराची नेमकी खिडकी सापडावी लागते आणि ती प्रत्येक भागाच्या जाडीप्रमाणे बदलते. असं काम अनुभवी मिस्त्रीच्या नजरेवर सोपवता येत नाही. त्याला शिकलेला संशोधक लागतो.

जिल्ह्यात याखेरीजही विषय आहेत. राधानगरी तालुक्यातल्या दुर्गमानवाडीचं बॉक्साइट बेळगावच्या अॅल्युमिना कारखान्याकडे गेलं. तिथे उरणाऱ्या लाल गाळाचं काय करायचं, हा जगभरचा प्रश्न आहे. साखर कारखान्यांच्या बगॅसची राख सिलिकानं भरलेली असते. हुपरीची चांदी काळी पडते. इचलकरंजीच्या मागांवर औद्योगिक कापड आणि कंपोझिटसाठी लागणारं विणकाम होऊ शकतं.

प्रवेशाच्या वाटा

या क्षेत्रात येण्याचे रस्ते दोन. विज्ञान शाखेकडून येणारा भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र किंवा नॅनोसायन्समध्ये एम.एस्सी. करतो आणि नेट, सेट किंवा विद्यापीठाची पेट देऊन पीएच.डी.ला लागतो. अभियांत्रिकीकडून येणारा मेकॅनिकल, प्रॉडक्शन किंवा मेटलर्जीत बी.ई. करून गेट देतो. मेटलर्जीचा गेटला स्वतंत्र पेपर आहे. इतर शाखांच्या मुलांना अभियांत्रिकी विज्ञानाच्या पेपरात मटेरियल सायन्सचा विभाग निवडता येतो. गेटचे गुण तीन वर्षं चालतात. कोल्हापुरात पहिला रस्ता मळलेला आहे, दुसरा कमी वापरातला. धातुशास्त्राचं अभियांत्रिकी शिक्षण म्हटलं की महाराष्ट्रात नावं येतात ती पुण्याच्या सीओईपीचं, नागपूरच्या व्हीएनआयटीचं आणि पवईच्या आयआयटीचं. त्यामुळे फाउंड्रीच्या गावातला मुलगा धातुशास्त्र शिकायला गाव सोडतो आणि बहुधा परत येत नाही.

थेट पीएच.डी.ची उडी घ्यायची नसेल त्यांना संशोधनावर आधारित एम.टेक. किंवा एम.एस. हा मधला पर्याय आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आणि काही आयआयटींत तो मिळतो. त्यात तासिका कमी आणि प्रबंध मोठा असतो. आपल्याला संशोधन झेपतं का, हे दोन-तीन वर्षांत कळतं आणि नाही झेपलं तरी हातात पदवी राहते. एम.फिल. मात्र आता बंद झाली आहे. पीएच.डी.साठी कोल्हापूरबाहेर पाहायचं तर पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि सी-मेट आहेत, अंबरनाथला डीआरडीओची नौदल मटेरियल्स प्रयोगशाळा आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे सध्याचे नियम नोव्हेंबर २०२२ चे आहेत. दोन वर्षांच्या पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण हवेत, राखीव प्रवर्गांना त्यात पाच टक्क्यांची सूट आहे. चार वर्षांच्या पदवीनंतर ७५ टक्के असतील तर थेट पीएच.डी.लाही जाता येतं. कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, पुनर्नोंदणी केल्यास आणखी दोन. महिलांना आणि दिव्यांगांना याहून दोन वर्षं जास्त मिळतात, शिवाय महिलांना २४० दिवसांपर्यंतची प्रसूती आणि बालसंगोपन रजा आहे. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं. प्राध्यापक एका वेळी आठ विद्यार्थी घेऊ शकतात, सहयोगी प्राध्यापक सहा, सहायक प्राध्यापक चार. नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएच.डी. करायलाही या नियमांत परवानगी आहे. मालकाचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. दुसऱ्या संस्थेतला सहमार्गदर्शकही घेता येतो. शेवटच्या दोन तरतुदी फाउंड्रीत काम करणाऱ्या इंजिनिअरसाठी जणू मुद्दाम केल्यासारख्या आहेत, पण त्यांचा उपयोग करून घेणारे थोडे.

गाईड निवडताना त्यांच्या नावापुढची पेपरांची संख्या पाहण्यापेक्षा तीन गोष्टी विचाराव्यात. त्यांचे आधीचे विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले? ते आज काय करतात? आणि प्रयोगशाळेतलं मुख्य यंत्र बंद पडलं तर दुरुस्तीचे पैसे कुठून येतात? उत्तरं गाईडकडून मागण्याआधी त्याच प्रयोगशाळेतल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांशी चहा घ्यावा.

महिन्याचा हिशेब

नेट-जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात. हे दर १ जानेवारी २०२३ पासूनचे. घरभाडं वेगळं. पंतप्रधान संशोधन अधिछात्रवृत्ती ७०,००० पासून सुरू होते, पण ती निवडक संस्थांतल्या निवडक मुलांना. गेट देऊन एम.टेक. करणाऱ्याला मात्र महिना १२,४०० रुपयेच मिळतात आणि हा आकडा बरीच वर्षं हललेला नाही. कॅम्पस प्लेसमेंटमध्ये बी.ई. झाल्या झाल्या याहून जास्त मिळत असेल, तर हुशार मुलगा संशोधनाकडे का वळावा?

ज्यांची जेआरएफ थोडक्यात हुकते त्यांना राज्यातल्या, त्या त्या समाजघटकांसाठीच्या संस्थांचा आधार आहे : बार्टी, सारथी, महाज्योती. सारथीला राजर्षी शाहूंचं नाव आहे आणि तिचं उपकेंद्र कोल्हापुरात २०२१ मध्ये सुरू झालं. २०२३ मध्ये सरकारनं या संस्थांच्या संशोधन फेलोशिपच्या जागांवर मर्यादा आणली आणि विद्यार्थी रस्त्यावर उतरले. त्याच वर्षी डिसेंबरात नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात कोल्हापूरचेच आमदार सतेज पाटील यांनी हा प्रश्न काढला, तेव्हा पीएच.डी. करून ही मुलं काय दिवे लावणार, अशा अर्थाचं उत्तर उपमुख्यमंत्र्यांकडून आलं. गदारोळ झाला आणि व्हायलाच हवा होता. फेलोशिप वेळेवर न मिळाल्यानं खोलीचं भाडं थकवून, मेसवाल्याची उधारी करून प्रयोग करणारी मुलं विद्यापीठाच्या आसपास काही कमी नाहीत. त्यांच्यात घरातले पहिलेच पदवीधर असतात, शेतकऱ्यांच्या मुली असतात. त्यांना हे ऐकवणं क्रूर होतं.

पण मटेरियल्समधल्या माणसाला या टोमण्याचं सरळ उत्तर देता येतं. आज घराघरात लागलेला पांढरा एलईडी दिवा याच विषयाच्या संशोधनातून आला आहे. त्यासाठी निळा प्रकाश देणारा डायोड हवा होता आणि गॅलियम नायट्राइडचा चांगला थर बसत नव्हता म्हणून तो कित्येक वर्षं अडून होता. इसामु आकासाकी आणि हिरोशी आमानो यांनी नागोया विद्यापीठात तो थर बसवून दाखवला. प्रखर निळा डायोड १९९३ मध्ये जाहीर केला शुजी नाकामुरा यांनी. ते निचिया या फॉस्फर बनवणाऱ्या कंपनीत होते. ही कंपनी टोकियोत नाही, तोकुशिमासारख्या लहान प्रांतात आहे. तेव्हा नाकामुरांकडे पीएच.डी. नव्हती. कंपनीत केलेल्या कामावर तोकुशिमा विद्यापीठानं त्यांना १९९४ मध्ये ती दिली आणि २०१४ मध्ये तिघांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आडगावची कंपनी, तिच्यातलं खरं कोडं आणि त्या कामाला पदवी देणारं जवळचं विद्यापीठ, अशी ही जुळणी होती. कंपन्या आणि विद्यापीठ या दोन्ही गोष्टी कोल्हापुरात आहेत. जुळणी करणं बाकी आहे.

पेपर, नोकरी आणि कोरिया

प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापण्याची सक्ती २०२२ च्या नियमांनी काढली. चांगल्या नियतकालिकांची यूजीसी-केअर यादीही २०२५ च्या सुरुवातीला रद्द झाली. हेतू असा की संख्येच्या मागे धावणं थांबावं आणि दर्जाची जबाबदारी विद्यापीठांनी घ्यावी. प्रत्यक्षात मुलाखतीला पेपर मोजलेच जातात, म्हणून पैसे घेऊन छापणाऱ्यांचं दुकानही चालूच आहे. विद्यार्थ्यानं एवढं तरी पाळावं : ज्या नियतकालिकातला एकही लेख आपण स्वतः कामासाठी वाचलेला नाही, तिथे आपला लेख पाठवू नये.

यंत्रांच्या बाबतीत कोल्हापूरची स्थिती अनेक जिल्ह्यांपेक्षा बरी आहे. विद्यापीठात केंद्राच्या मदतीनं चालणारी सैफ सुविधा आहे. एक्स-रे डिफ्रॅक्शन, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक अशी उपकरणं तिथे शुल्क भरून वापरता येतात. नमुना देऊन आलेख घेऊन येणं मात्र पुरेसं नाही. यंत्राशेजारी बसून शिकलेला आणि फक्त आलेख घेऊन आलेला, या दोघांतला फरक मुलाखतीत पहिल्या दहा मिनिटांत उघडा पडतो.

नोकरीचं चित्र गोड नाही. विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापकपदाला पीएच.डी. सक्तीची होणार होती. १ जुलै २०२३ पासून ती ऐच्छिक ठरली आणि नेट-सेट ही किमान अट राहिली. कायमच्या जागा निघत नाहीत, निघाल्या तर भरती लांबते. मधली वर्षं तासिका तत्त्वावर जातात आणि त्यात घर चालत नाही. म्हणून इथले कित्येक संशोधक पोस्टडॉकसाठी दक्षिण कोरियाला जातात. ग्वांगजूचं चोन्नाम, सोलचं हानयांग आणि डोंगुक ही नावं कोल्हापूरच्या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला तोंडपाठ असतात. आधी गेलेले सर आणि सीनियर तिथे ओळखीचे झालेले, बॅटरी आणि सौरघटांवर तिथल्या उद्योगांचा भर, त्यामुळे हा रस्ता मळला. तिथून कोणी युरोपात जातो, कोणी ऑस्ट्रेलियात. थोडे परत येतात. ज्ञानासाठी बाहेर जाण्यात गैर काही नाही. पण बीकरमध्ये बुडवलेल्या काचेचा उपयोग सोलच्या उद्योगाला होतो आणि शिरोलीच्या उद्योगाला होत नाही, हे खटकायला हवं.

उद्योगांचीही यात चूक आहे. मध्यम फाउंड्रीला पीएच.डी. झालेला माणूस म्हणजे खर्च वाटतो. तो मशीनवर उभा राहणार नाही, पुस्तकी बोलेल, वर्षभरात सोडून जाईल, अशी धास्ती असते. काही बाबतींत ती खरीही ठरली आहे. विद्यापीठाशी त्यांची ये-जा आहे ती बहुतेक चाचणीच्या अहवालापुरती : नमुना दिला, बिल भरलं, कागद घेतला. त्या कागदामागचा प्रश्न दोघांनी मिळून सोडवायचा, ही सवय लागलेली नाही.

मग करायचं काय?

फार मोठी योजना लागत नाही. विद्यापीठानं आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांनी मटेरियल्समधल्या प्रत्येक नव्या पीएच.डी. विद्यार्थ्याला कोर्सवर्कमध्येच एक सत्र फाउंड्रीत, उष्मोपचाराच्या किंवा प्लेटिंगच्या कारखान्यात काढायला लावावं आणि त्याचे क्रेडिट द्यावेत. दहा-बारा फाउंड्रींनी एकत्र येऊन वर्षाला एका विद्यार्थ्याची फेलोशिप भरावी. एका महिन्याच्या रिजेक्शनशी तुलना केली तर रक्कम किरकोळ वाटेल. कंपनीचं नाव झाकून रिजेक्शनची नोंद संशोधकाला द्यावी, कारण नोंदीशिवाय संशोधन होत नाही. अनुभवी इंजिनिअरांनी अर्धवेळ पीएच.डी.ला नाव नोंदवावं आणि विद्यापीठानं त्यांना सहमार्गदर्शक मिळवून द्यावा. पातळ थरांच्या प्रयोगशाळेलाही इथे काम आहे : गंजरोधक लेप, साच्यांवरचे लेप, भट्टीजवळचे गॅस सेन्सर.

आणि जो विद्यार्थी यंदा अर्ज भरतो आहे त्याला एकच सांगणं. फॉर्मवर विषय लिहिण्याआधी विद्यानगरातली एक प्रयोगशाळा आणि शिरोलीतली एक भट्टी, दोन्ही पाहून ये. ज्या प्रश्नानं झोप उडेल तो घे, मग गाईड शोध, मग फेलोशिप. क्रम उलटा केलास तर पदवी मिळेल, पण सहा वर्षांनी मुलाखतीत तुझ्या संशोधनाचा उपयोग काय असं विचारतील तेव्हा उत्तर नसेल.